आपलीच सर्वोत्तम बातमी पुन्हा तपासताना

कोरी पाटी

स्पर्धेचा अर्ज असो, शिष्यवृत्ती असो की नव्या कामाची मुलाखत, एक मागणी हमखास येते: 'तुमची सर्वांत चांगली बातमी जोडा आणि तिच्याविषयी ५०० शब्दांत लिहा.' बातमी जोडायला दोन मिनिटं लागतात. गाडी अडते ती ५०० शब्दांवर. बहुतेक टिपणं बातमीविषयी नसतातच. बातमी छापून आल्यावर काय काय झालं, कोणी दखल घेतली, कोणाची बदली झाली, याचीच ती यादी असते. मूळ लिखाण शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं असतं.

म्हणून हा धागा. स्वतःची बातमी परक्याच्या नजरेनं तपासायची रीत इथं जमा करू. सुरुवातीची मांडणी अशी:

निवड करताना दहा-बारा कात्रणं समोर ठेवा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. ही माहिती आपण नसतो तरी बाहेर आली असती का? आज पुन्हा छापायची झाली तर किती वाक्यं बदलावी लागतील? हिच्यातलं कोणतं वाक्य जागेवर गेलेल्या माणसालाच लिहिता आलं असतं? वाचकसंख्येचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की बाकीचे तीन कोणी बघत नाही.

बातमीला निदान सहा महिने झालेले असावेत. ताज्या बातमीत डोळे शब्द वाचत नाहीत, आठवण वाचतात. कागदावर जे नाही तेही दिसत राहतं.

मग मजकूर कागदावर छापून घ्या. मथळा, छायाचित्र, बायलाइन (बातमीवरचं आपलं नाव) काढून टाका, ओळींमध्ये भरपूर जागा सोडा आणि चार रंगांची पेनं घ्या. लाल: नावं, हुद्दे, तारखा, आकडे. निळा: कोणीतरी सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. हिरवा: स्वतः पाहिलेलं. काळा: कागदपत्रातून घेतलेलं. ज्या वाक्याखाली एकही रेघ येत नाही ते वाक्य कुठून आलं, हा खरा प्रश्न. अशी वाक्यं बहुधा दोन ठिकाणी सापडतात, इंट्रोनंतरच्या (म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदानंतरच्या) परिच्छेदात आणि अगदी शेवटी. पहिल्या ठिकाणी बातमीदार विषयाचं महत्त्व पटवत असतो, दुसऱ्या ठिकाणी उपदेश करत असतो.

रेघा मारून झाल्या की मूळ वही काढून प्रत्येक लाल शब्द तिच्याशी जुळवायचा. ८०० शब्दांच्या बातमीत असे ४०-५० शब्द सहज निघतात. दोन बैठका धरा.

---

रात्रपाळी

धागा उत्तम. डेस्कच्या, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्या उपसंपादकांच्या बाजूनं भर घालते.

छापलेली प्रत वाचण्याआधी तुम्ही पाठवलेली प्रत शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. छापील बातमीतला इंट्रो तुमचा आहे की उपसंपादकाचा, हे बातमीदार वर्षभरात विसरतो. ज्या वाक्याबद्दल कौतुक झालं ते नेमकं डेस्कवर लिहिलेलं निघतं. मथळा तर जवळपास कधीच तुमचा नसतो. टिपणात मथळ्याचं श्रेय घेऊ नका, वाचणारे परीक्षक स्वतः कधीतरी डेस्कवर बसलेले असतात.

दोन प्रतींतला फरक तीन गटांत मांडा: काय कापलं, काय हलवलं, काय बदललं. कापलेलं बहुतेक वेळा पार्श्वभूमी असते. पाठवलेल्या प्रतीतला सातवा परिच्छेद छापताना पहिला झाला असेल, तर लिहिताना बातमी कुठे आहे हेच तुम्हाला कळलं नव्हतं. हे टिपणात लिहिण्याजोगं आहे. लाजण्याचं कारण नाही.

आता भाषा. मराठी बातमीत एक खोड वाक्यरचनेतूनच येते: क्रियापद शेवटी, म्हणून सांगणाराही शेवटी. हे बघा:

'कंत्राटदाराने निकृष्ट साहित्य वापरल्याने आणि अधिकाऱ्यांनी देखभालीकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष केल्याने हा पूल खचल्याचा आरोप रहिवाशांनी केला आहे.'

'आरोप' हा शब्द येईपर्यंत वाचकाच्या डोक्यात कंत्राटदार दोषी ठरलेला आहे. कायद्याच्या नजरेनं वाक्य बिनचूक, वाचणाऱ्याच्या नजरेनं निकाल. उलटं करून बघा: 'रहिवाशांचे आरोप दोन आहेत. साहित्य निकृष्ट होते आणि देखभाल झाली नाही. पहिल्या आरोपासाठी त्यांच्याकडे कागद आहे, दुसऱ्यासाठी नाही.' शब्द साधारण तेवढेच, पण आता कोण बोलतंय हे आधी कळतं. शिवाय तिसरं वाक्य लिहायला बातमीदाराला तो कागद खरोखर बघावा लागतो. जुन्या बातमीत अशी लांब वाक्यं शोधा. सांगणारा अगदी शेवटी येत असेल तर खूण करा.

दुसरी खूण 'ण्यात आले' या प्रत्येक ठिकाणी. सांगण्यात आले, हटवण्यात आले, निर्णय घेण्यात आला. प्रत्येकापुढे समासात 'कोणी?' लिहा आणि वहीतून उत्तर द्या. उत्तर मिळालं तर ती फक्त भाषेची सवय. मिळालं नाही तर तिथं बातमी अपुरी होती आणि कर्मणी प्रयोगानं ते झाकलं गेलं. गाजलेल्या बातम्यांत अशी झाकणं जास्त असतात, घाईत लिहिलेल्या असतात म्हणून.

तिसरं म्हणजे तयार माल. 'एकच खळबळ उडाली', 'धाबे दणाणले', 'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे', 'चर्चेला उधाण आले'. खळबळ कोणाची? हळहळणारे किती जण भेटले? हे सगळं खोडून बातमी पुन्हा वाचा. काहीच कमी झालं नाही असं वाटेल, आणि ते खरंच असेल.

---

उमेदवार

वरच्या तिन्ही खुणा करून पाहायला घेतोय. एक शंका. माझ्यासारख्या नव्या माणसाकडे शोधबातम्या नसतात. अपघात, सभा, निकाल, पत्रकार परिषद एवढंच. चार परिच्छेदांची अपघाताची बातमी 'सर्वोत्तम' म्हणून पाठवली तर हसतील ना?

---

तिसरा परिच्छेद

उमेदवार, हसणार नाहीत, पण त्या चार परिच्छेदांत तुमचं स्वतःचं काय हे दाखवता आलं पाहिजे. प्रेसनोट किंवा पोलिसांची माहिती एका बाजूला ठेवा, बातमी दुसऱ्या बाजूला. नोटमध्ये असलेलं प्रत्येक वाक्य बातमीतून खोडा. जे उरतं ते तुमचं काम. काहीच उरलं नाही तर दुसरं कात्रण घ्या. वळणावरचा दिवा बंद होता, धडकेआधी ब्रेकच्या खुणाच नव्हत्या, मदत ४० मिनिटांनी पोचली, असं एखादं पडताळलेलं वाक्य उरलं तर ती बातमी पाठवण्यालायक आहे. मोठ्या विषयावरच्या उसन्या माहितीपेक्षा हे वाक्य वजनदार.

माझ्या नावाला जागून तिसऱ्या परिच्छेदाबद्दल. पहिल्यात घटना, दुसऱ्यात तपशील, आणि तिसऱ्यापर्यंत वाचकाला 'मग काय?' याचं उत्तर मिळायला हवं. ही एकटी घटना आहे की मालिकेतली? आता पुढे काय ठरायचं आहे? जुनी बातमी तपासताना पहिले तीन परिच्छेद झाकून चौथ्यापासून वाचा. बातमी तिथूनही नीट सुरू होत असेल तर वरचे तीन परिच्छेद हे घसा साफ करणं होतं. उलट चौथ्यापासून काहीच कळत नसेल तर वरची बांधणी पक्की आहे.

इंट्रोची परीक्षा वेगळी. तो वाचून मथळा स्वतः तयार करा, सहा-सात शब्दांत. जमला नाही तर इंट्रोत दोन बातम्या कोंबल्या आहेत. 'तर', 'तसेच', 'दरम्यान' हे शब्द इंट्रोत दिसले की शंका घ्या. 'दरम्यान' हा शब्द तर बहुधा बातमीदाराला दोन गोष्टींचा संबंध जोडता आला नाही याचीच कबुली असतो.

आणि कोरी पाटी म्हणतात त्या परिणामाच्या मुद्द्याला थोडा विरोध. परिणाम अजिबात मोजू नये हे मला मान्य नाही, पण तो बातमीच्या दर्जाचा पुरावा नाही. राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये आपल्या छोट्या 'रपट' साप्ताहिकात भोपाळच्या कीटकनाशक कारखान्याचा धोका सांगणारे लेख लिहिले. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त पुन्हा लिहिलं. परिणाम शून्य. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळती झाली. छापून आल्या दिवशीचा परिणाम हेच माप लावलं असतं तर ते लेख 'फसलेल्या बातम्या' ठरले असते. कालांतरानं वाचल्यावर त्यांत काय दिसतं? लेखकानं धोका कशातून आहे हे नेमकं सांगितलं होतं, नुसती भीती घातली नव्हती. आपल्या जुन्या, दुर्लक्षित बातम्यांकडे बघताना हे माप वापरा: त्या वेळी केलेलं कोणतं विधान पुढच्या घटनांनी तपासता येईल इतकं नेमकं होतं?

---

त्रैराशिक

आकड्यांवर कोणी बोलेल म्हणून थांबलो होतो. लाल पेनानं खुणा केलेले आकडे वहीशी जुळले म्हणजे बरोबर आहेत असं नाही. वहीतला आकडा बरोबर आणि वाक्य चूक, हा प्रकार सर्वांत जास्त.

टक्के आणि टक्केबिंदू. दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला तर वाढ २ टक्केबिंदूंची, किंवा ५० टक्क्यांची. '२ टक्क्यांनी वाढला' हे चूक. गाजलेल्या बातम्यांत ही चूक निघाली की टिपणात लपवू नका, परीक्षकाला ती दिसणारच.

छोटा पाया. ३ प्रकरणांची ६ झाली म्हणजे 'दुप्पट', पण मूळ आकडा न देता 'दुप्पट' म्हणणं ही दिशाभूल. साधा नियम: टक्केवारीच्या शेजारी कच्चा आकडा नसेल तर खूण करा.

लोकसंख्येशी न जोडलेली तुलना. ९ लाख वस्तीत ९० रुग्ण, ४० हजार वस्तीत ६ रुग्ण. मथळा पहिल्या जागेचा होतो. लाखामागे हिशेब केला तर पहिली जागा १०, दुसरी १५. बातमी दुसऱ्या जागेची होती.

सरासरी. दहापैकी नऊ अर्जदारांना १० दिवस लागले आणि एकाला २०० दिवस. सरासरी २९ दिवस येते, म्हणजे कोणाचाच अनुभव नसलेला आकडा. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १०. आणि खरी बातमी त्या २०० दिवसांत आहे.

पैशाची कालतुलना. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. त्यामुळे 'बारा वर्षांत खर्च दुप्पट' या मथळ्याचा अर्थ 'खर्च आहे तिथंच आहे' असा असू शकतो.

गर्दी. दाटीवाटीनं उभ्या गर्दीत चौरस मीटरमागे चारच्या आसपास माणसं मावतात. १०० मीटर बाय ५० मीटर मैदान म्हणजे ५,००० चौरस मीटर, २० हजार माणसं. तिथं 'लाखाचा जनसमुदाय' छापला असेल तर एका चौरस मीटरवर २० माणसं उभी केली आहेत तुम्ही.

मतचाचणी. १,००० जणांचा यादृच्छिक (चिठ्ठी टाकून निवडल्यासारखा) नमुना असेल तर ९५ टक्के विश्वासपातळीवर त्रुटी साधारण अधिक-उणे ३ टक्केबिंदू. दोघांत २ बिंदूंचा फरक असताना 'आघाडी' लिहिणं जमत नाही.

जुन्या बातमीतला प्रत्येक हिशेब मूळ आकडे घेऊन नव्यानं करा, जुन्या कागदावरचा हिशेब न बघता. बघितलात की तीच चूक पुन्हा बरोबर वाटते.

---

रात्रपाळी

त्रैराशिक, तुमच्या यादीत एक जोडा: 'सर्वाधिक', 'पहिल्यांदाच', 'इतिहासात प्रथमच'. हे आकडे दिसत नाहीत, पण आकडेच असतात. कोणत्या काळात, कोणत्या नोंदीनुसार, हे शेजारी नसेल तर ते शब्द सिद्ध करता येत नाहीत. मथळ्यात तर हमखास घुसतात. (हो, आम्हीच घुसवतो.)

---

मुद्रितशोधक

भाषा आणि आकडे झाले. माझ्या मते सर्वांत कठीण तपासणी माणसांची आहे.

एक तक्ता करा. बातमीत नाव आलेला किंवा ओळखू येईल असा प्रत्येक माणूस एका ओळीत. पुढे चार रकाने: त्याच्याशी थेट बोलणं झालं का, त्याच्यावरचा नेमका आरोप त्याला सांगितला होता का, उत्तर द्यायला किती वेळ दिला, त्याचं उत्तर बातमीत कितव्या परिच्छेदात आहे. 'संपर्क होऊ शकला नाही' या वाक्यापुढे किती वेळा, कोणत्या मार्गानं, किती वाजता हे लिहा. संध्याकाळी सात वाजता एक फोन करून आठ वाजता बातमी सोडली असेल तर ते वाक्य खोटं नाही, पण प्रामाणिकही नाही.

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकानं नोव्हेंबर २०१४ मध्ये एका विद्यापीठातल्या बलात्काराची सविस्तर कथा छापली आणि एप्रिल २०१५ मध्ये मागे घेतली. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता शाळेनं केलेल्या तपासणीत निघालेली चूक अगदी साधी होती: त्या रात्री तक्रारदार तरुणीला भेटलेल्या ज्या तीन मित्रांचे संवाद बातमीत होते, त्यांच्याशी बातमीदार बोललीच नव्हती. वरच्या तक्त्यात तीन ओळींचा पहिला रकाना रिकामा राहिला असता. फार हुशारी लागली नसती.

सुंदर लिहिलेल्या बातमीवर जास्त संशय घ्या, स्वतःच्या असेल तर आणखी जास्त. जॅनेट कुक यांची आठ वर्षांच्या व्यसनाधीन मुलाची बातमी सप्टेंबर १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं छापली, तिला १९८१चं पुलित्झर हे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक जाहीर झालं आणि तो मुलगाच अस्तित्वात नाही हे कळल्यावर परत करावं लागलं. आपले बातमीदार क्लास रेलोत्सिउस यांचा बनाव 'डेर श्पीगल' या जर्मन नियतकालिकानं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केला. त्या नियतकालिकाकडे तथ्य-पडताळणीचा मोठा विभाग होता. पडताळणीवाला गावाचं नाव, अंतर, हुद्दा तपासतो. बंद खोलीत कोण काय म्हणालं हे बातमीदाराशिवाय कोणाला ठाऊक नसतं.

इथं कोणी बनाव करतंय असं मी म्हणत नाही. पण छोटी सरमिसळ खूप जण करतात: दोन माणसांची वाक्यं एकाच्या तोंडी, तुटक बोलणं नीट करून अवतरणचिन्हांत, सकाळचा प्रसंग संध्याकाळच्या प्रकाशात. म्हणून अवतरणचिन्हांतला प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रणाशी जुळवा. ध्वनिमुद्रण नसेल तर वहीशी. वहीतही फक्त सारांश असेल तर बातमीत अवतरणचिन्हं नको होती, एवढं टिपणात कबूल करा.

क्रियापदंही बघा. म्हणाले, सांगितलं: ठीक. 'कबूल केलं', 'मान्य केलं' यात गुन्हा गृहीत आहे. 'दावा केला' यात अविश्वास आहे. 'स्पष्ट केलं' यात बोलणारा खरा ठरला आहे. बहुतेक बातम्यांत आवडत्या बाजूची माणसं 'स्पष्ट करतात' आणि नावडत्या बाजूची 'दावा करतात'. नुसती क्रियापदं वेगळी काढून यादी केली तरी तुमचा कल उघडा पडतो.

---

कात्रणवही

माणसांच्या तक्त्यात पाचवा रकाना हवा: बातमीनंतर त्या माणसाचं काय झालं. १९८१ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा व्यापार उघड करण्यासाठी एक स्त्री विकत घेतली आणि ते छापलं. बातमी गाजली, आणि तिनं उभा केलेला प्रश्न त्याहून जास्त टिकला: पुरावा म्हणून आणलेल्या त्या बाईचं काय? मराठी रंगभूमीनं तो विजय तेंडुलकरांच्या 'कमला' नाटकातून विचारला हे इथं वेगळं सांगायला नको. आपल्या बातमीत ज्याच्या दुःखावर इंट्रो उभा आहे त्याला बातमी छापणार हे नीट समजलं होतं का, नाव द्यायला त्यानं होकार दिला होता का, हे आज तपासता येतं.

आणि परत जाता येतं. जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा मजकूर ३१ ऑगस्ट १९४६ च्या 'न्यूयॉर्कर'मध्ये आला, जवळपास सगळा अंक त्यालाच दिला होता. अणुबॉम्बमधून बचावलेल्या सहा जणांची हकीकत. १९८५ मध्ये हर्सी त्याच सहा जणांचं पुढं काय झालं ते लिहायला परतले. मूळ मजकूर नीट असेल तर पुढचा भाग त्याला जोडता येतो, आधीचं खोडावं लागत नाही. उत्तम बातमीची माझ्या लेखी ही मोठी खूण.

आता साठवण, कारण हे नसेल तर वरचं काहीच करता येत नाही. प्रत्येक मोठ्या बातमीची एक फाइल, तिच्यात सहा गोष्टी: वहीच्या पानांचे फोटो, ध्वनिमुद्रण, कागदपत्रांच्या प्रती, तुम्ही पाठवलेली प्रत, छापील पानाची पीडीएफ, आणि वेबवरच्या बातमीची इंटरनेट आर्काइव्ह (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ) इथली नोंद. नुसता दुवा ठेवू नका. संकेतस्थळाची रचना बदलली की जुने दुवे पहिल्यांदा मरतात. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं ठेवा, म्हणजे आपोआप क्रमवार लागतात. गुप्त सूत्राचं नाव मात्र त्या फाइलमध्ये नको. तिथं एक खूणनाव, आणि खरं नाव दुसरीकडे, कुलपात.

---

उमेदवार

तपासताना चूक सापडली तर? बातमी तीन वर्षांपूर्वीची, कोणी तक्रार केलेली नाही.

---

रात्रपाळी

संपादकांना लेखी कळवा. छापील अंकात दुरुस्ती येईल की नाही ते ते ठरवतील, वेबवर मात्र व्हायलाच हवी. गुपचूप आकडा बदलायचा नाही. मजकुराखाली तारीख टाकून लिहायचं: आधी काय होतं, आता काय आहे. 'नजरचुकीने' हा शब्द टाळा, तो काहीच सांगत नाही.

चुकीमुळे बातमीचा मूळ मुद्दाच पडत असेल तर ती स्पर्धेला पाठवायचा प्रश्न उरत नाही. तपशिलाची चूक असेल तर पाठवा आणि टिपणात दुरुस्तीसकट नोंदवा.

---

तिसरा परिच्छेद

मालिका असेल तर काय, हे कोणी विचारलं नाही. 'बॉस्टन ग्लोब'नं चर्चमधल्या लैंगिक शोषणावरची पहिली बातमी ६ जानेवारी २००२ ला छापली आणि त्या वर्षभरात त्याच विषयावर सुमारे ६०० बातम्या दिल्या. २००३चं लोकसेवेचं पुलित्झर त्या सगळ्या कामाला मिळालं. अशा वेळी एकच निवडायची असेल तर पहिली निवडू नका. जिच्यात माहितीचा नवा साठा हाती आला ती निवडा: न्यायालयाचा कागद, यादी, प्रत्यक्ष साक्षीदार. आणि सहकाऱ्यांचा वाटा नावानिशी लिहा. 'आम्ही' म्हणून मोकळं होऊ नका, 'मी'ही नको तिथं नको.

---

कोरी पाटी

भरपूर जमलं. आता ५०० शब्दांचं वाटप सुचवतो, मतभेद असतील तर मांडा.

पहिले ६० शब्द: बातमीनं नवीन काय सांगितलं. एक-दोन वाक्यं, विशेषण न वापरता. पुढचे १५०: माहिती कशी मिळाली, त्यात कोणता कागद किंवा कोणता माणूस निर्णायक ठरला, आणि कुठली वाट बंद निघाली. बंद वाटेचा उल्लेख बहुतेक जण टाळतात, पण परीक्षकाला तिथंच कामाचा अंदाज येतो. १२०: लिहितानाचे दोन निर्णय. इंट्रो असाच का, अमुक माणसाचं नाव का दिलं नाही, अमुक आकडा मथळ्यात का नाही. दोनच, सगळे नाही. ११०: आज काय वेगळं केलं असतं, ओळ दाखवून. 'आणखी खोलात जाता आलं असतं' हे चालणार नाही, ते कोणत्याही बातमीला लागू पडतं. 'सहाव्या परिच्छेदातली तुलना लोकसंख्येशी जोडलेली नाही, जोडली असती तर मथळा बदलला असता' असं हवं. उरलेले ६०: पुढं काय झालं, सहकाऱ्यांचा वाटा, दुरुस्ती असेल तर ती.

टिपण शेवटी लिहा, पण लाल-निळ्या रेघांचा कागद समोर ठेवून. नुसत्या आठवणीवरून लिहिलं की ते फार धाडसी होतं.

---

त्रैराशिक

वाटपाशी सहमत. फक्त 'आज काय वेगळं केलं असतं' यात तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवरच बोला. दोन वर्षांनी आलेल्या अहवालाच्या आधारे स्वतःला झोडपणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. प्रश्न एवढाच: त्या दिवशी, त्या वेळेत, हाताशी असलेलं काय बघितलं नाही?

---

उमेदवार

मर्यादा ३०० शब्दांची असेल तर काय कापू?

---

कोरी पाटी

पुढं काय झालं ते आधी कापा, एका वाक्यावर आणा. मग लिहितानाच्या दोन निर्णयांपैकी एक. बंद वाट आणि चुकलेली ओळ ठेवा. तेवढ्यात बसत नसेल तर पहिल्या ६० शब्दांतली विशेषणं मोजा, ती असणारच.